पाच लिटरचा डबा

माझे अब्बा चाकणजवळच्या एका कारखान्यात काम करतात. तिथे मोटारींचे सुटे भाग तयार होतात. आमचे घर आकुर्डीला आहे. अब्बा पहाटे घरातून निघतात आणि कंपनीच्या बसने कामावर जातात.

मागच्या वर्षी कामावर असतानाच त्यांना चक्कर आली. तपासल्यावर कळले, की त्यांचा रक्तदाब फार वाढला आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, "जेवणातले तेल आणि मीठ कमी करा. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. म्हणजे चहाचा एक चमचा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे."

त्या रात्री आपाने हिशेब केला. घरात माणसे सहा. महिन्याला तेलाचा ५ लिटरचा एक डबा लागतो. म्हणजे रोज प्रत्येकाच्या पोटात साडेपाच चमचे तेल जात होते! अम्मीला खरेच वाटेना. तिने आपाला पुन्हा भागाकार करायला लावला. उत्तर तेच आले.

दुसऱ्या दिवसापासून अम्मी नुसत्या उकडलेल्या भाज्या करू लागली. अब्बा दोन घास खात आणि ताट बाजूला सारत. आठ दिवसांनी कपडे धुताना त्यांच्या खिशात वडापावचा तेलकट कागद सापडला. अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले. अब्बा खाली मान घालून बसले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझे चुकले. पण बेचव अन्न घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे यंत्रे बसवायला एक जपानी इंजिनियर आले आहेत. त्यांच्या डब्यात तेलाचा थेंब दिसत नाही. तरी ते मिटक्या मारत जेवतात. त्यांना जमते, मग आपल्याला का जमू नये?"

चाकण पूर्वी कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. तो बाजार आजही मोठा आहे. पण २००९ साली फोक्सवागन या जर्मन कंपनीने तिथे मोटारींचा कारखाना सुरू केला. जपानी आणि कोरियन कंपन्याही या भागात आल्या. परदेशी माणसे आता आमच्याकडे नवलाची राहिलेली नाहीत. त्यांचे जेवण मात्र आम्हांला ठाऊक नव्हते.

आपाने ठरवले, दर शुक्रवारी रात्री एका देशाचा पदार्थ करायचा. तिच्या अटी दोन होत्या. सारे सामान आपल्या मंडईत मिळाले पाहिजे आणि सहा जणांना मिळून तीन चमच्यांहून जास्त तेल लागता कामा नये.

पहिला मान अरब देशांच्या हम्मसला मिळाला. अरबीत या शब्दाचा अर्थच चणा. आपाने एक वाटी काबुली चणे रात्रभर भिजवले आणि कुकरमध्ये अगदी मऊ शिजवले. दोन चमचे पांढरे तीळ कोरडेच भाजले. मग चणे, तीळ, लसणाच्या दोन पाकळ्या, जिरेपूड, चिमूटभर मीठ आणि एका लिंबाचा रस मिक्सरमध्ये घातला. चणे शिजवलेलेच थोडे पाणी घालून ते लोण्यासारखे वाटले. वरून एक चमचा तेल सोडले. अब्बांनी भाकरीचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला. मग दुसरा खाल्ला. अम्मी त्यांच्या ताटाकडेच पाहत होती. ताट रिकामे झाले!

पुढच्या शुक्रवारी मेक्सिकोची पाळी होती. शिजवलेला राजमा, मक्याची भाकरी आणि वर कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. दादी म्हणाली, "ही तर आपली कचुंबर!" आपा म्हणाली, "दादी, टोमॅटो, मका, राजमा आणि मिरचीही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी मिरची आपल्याकडे आणली." "मग आमचे पूर्वज तिखट कशाने करत होते?" "मिऱ्यांनी!" दादीला ते अजून पटलेले नाही.

इटलीचे भाज्यांचे सूप सर्वांना आवडले. जपानी सूप मात्र साफ फसले. धाकटा भाऊ म्हणाला, "हे तर भांडी धुतलेले पाणी!" अब्बांनी इंजिनियरसाहेबांना विचारले, तेव्हा कळले, की त्या सुपाची चव समुद्रातले शेवाळ आणि सुकवलेली मासळी यांच्या अर्कातून येते. शिवाय त्यात घालायच्या सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठीत मीठ भरपूर असते. म्हणजे परदेशी ते सगळेच अब्बांना चालेल, असे नाही.

ईदला अम्मीने शीरखुर्मा आणि बिर्याणी नेहमीसारखीच केली. अब्बांचा वडापाव पूर्ण सुटला, असेही मी म्हणणार नाही. पण आता ते खिशात कागद लपवत नाहीत, घरी येऊन सांगतात. गोळी रोज चालू आहे. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. रक्तदाब पूर्वीपेक्षा उतरला आहे. तेलाचा डबा दीड महिना पुरू लागला आहे.

येत्या शुक्रवारी तुर्कस्तान आहे. दह्यात काकडी, लसूण आणि पुदिना. दादीने आत्ताच सांगून टाकले आहे, "याला आपण कोशिंबीर म्हणतो."