संशोधन-प्रस्तावाचे गद्य आणि अनुबंधचतुष्टय

मराठीच्या विभागांतून अनुदानासाठी जे संशोधन-प्रस्ताव लिहिले जातात, त्यांपैकी बरेचसे विषयाच्या थोरवीवर उभे असतात. ग्रंथकार थोर, कालखंड महत्त्वाचा, अभ्यासकांचे आजवर दुर्लक्ष झालेले. म्हणून अनुदान मिळावे, असा त्यांतील युक्तिवाद असतो. परंतु थोरवी ही काही संशोधनाची समस्या नव्हे. पीएच.डी. होऊन चार-दोन वर्षे झालेल्या अध्यापकाला हा भेद सहसा कोणी सांगत नाही. प्रबंधाचा आराखडा मार्गदर्शकाच्या छायेत तयार झालेला असतो; प्रस्ताव मात्र अपरिचित परीक्षकांपुढे एकट्याने मांडायचा असतो, आणि त्या परीक्षकांत मराठीचा जाणकार एखादाच असण्याचा संभव असतो.

या संदर्भात आपल्याच शास्त्रपरंपरेतील एका संकेताकडे लक्ष वेधावेसे वाटते. ग्रंथारंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी स्पष्ट कराव्यात, असा दंडक शास्त्रग्रंथांत दिसतो. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त त्यांची गणना केलेली आहे. या अनुबंधचतुष्टयामागे साधी व्यवहारदृष्टी आहे: वाचकाने आपला वेळ या ग्रंथाला का द्यावा, हे ग्रंथकाराने आधी सांगितले पाहिजे. अनुदान देणारी समितीही नेमके हेच विचारीत असते. आपले प्रस्ताव मात्र चारांपैकी केवळ विषय सांगून थांबतात, आणि तोही नीटसा सांगत नाहीत.

उदाहरणादाखल ‘एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके : एक अभ्यास’ हे शीर्षक घ्या. ‘एक अभ्यास’ हे दोन शब्द आपल्या शीर्षकांतून हद्दपार झाले, तर पुष्कळ कल्याण होईल. त्याऐवजी ‘दर्पण’चाच विचार करू. बाळशास्त्री जांभेकरांचे हे पत्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू झाले, त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाक्षिकाचे साप्ताहिक झाले आणि १८४० मध्ये बंद पडले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. आता प्रश्न असा विचारता येतो: हे दोन स्तंभ एकच गोष्ट सांगतात काय? मराठी मजकूर जेथे इंग्रजीपासून दूर जातो, जेथे काही गाळतो वा काही अधिक समजावून सांगतो, तेथे संपादकाच्या मनात कोणता वाचक आहे? या प्रश्नाला उत्तर संभवते, आणि ते आपल्या अपेक्षेच्या उलटही येऊ शकते. ज्या प्रश्नाचे उत्तर लेखकाला आधीच ठाऊक आहे, त्यासाठी पैसे कोण देईल?

अधिकारी या संज्ञेचा मूळ रोख ग्रंथाच्या योग्य वाचकाकडे आहे. प्रस्तावात तो लिहिणाऱ्याकडेही वळवावा लागतो. येथे नवोदित अध्यापक बिचकतो, कारण त्याच्या नावावर ग्रंथ नसतात. परंतु अधिकार ग्रंथसंख्येनेच सिद्ध होतो असे नाही. अंक कोठे आहेत, त्यांतील किती सलग आहेत, कागदाची अवस्था काय आहे आणि छायाचित्रण करू देतात की नाही, हे स्वतः जाऊन पाहिल्याची दोन वाक्येही मोठा विश्वास निर्माण करतात. मराठी नियतकालिकांची छापील सूची चाळणे ही पहिली पायरी झाली. पण सूचीतील नोंद म्हणजे हाती आलेला अंक नव्हे. त्याही पुढे जाऊन पाच-सात अंकांतील दोन्ही स्तंभ ताडून पाहावेत आणि आढळलेला एखादा फरक प्रस्तावातच नोंदवावा. परीक्षकाला पद्धतीचे वर्णन वाचण्यापेक्षा पद्धत चालताना पाहणे अधिक पटते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाने मात्र या साऱ्या खटपटीपूर्वी योजनेतील पात्रतेची अट नीट वाचावी, हे सांगताना वाईट वाटते.

प्रयोजनाविषयी थोडक्यात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, तेव्हापासून प्रस्तावांच्या पहिल्या परिच्छेदात त्याचा उल्लेख करण्याचा मोह साहजिक आहे. हा दर्जा आनंदाचा खरा. पण त्यामुळे कोणताही विशिष्ट प्रश्न अधिक निकडीचा ठरत नाही. ‘मोलाची भर पडेल’ हे वाक्यही प्रयोजन नव्हे. कशात भर, कोणाचे कोणते मत तपासले जाईल, आणि प्रकल्प पूर्ण झाल्यावर इतरांच्या हाती कोणते साधन उरेल, हे लिहावे.

संबंध हा अनुबंध दात्या संस्थेच्या उद्दिष्टांशी जोडावा लागतो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे ‘दर्पण’चा हाच प्रश्न न्यायचा असेल, तर शैलीपेक्षा वाचकवर्गाच्या घडणीवर भर द्यावा लागेल. ही तडजोड नव्हे. प्रश्नाला ती बाजू खरोखरच असली पाहिजे, एवढीच अट. नसेल, तर दुसरे दार शोधावे.

राहता राहिले अंदाजपत्रक. ते कार्यालयातील लिपिकाकडे सोपविण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक युक्तिवादाची खरी कसोटी तेथेच लागते. वर्षाला बावन्न अंक धरल्यास ‘दर्पण’चे एकूण चारशेच्या वर अंक होतात. दिवसाला दोन अंक काळजीपूर्वक ताडता येतात असे मानले, तर दोनशेहून अधिक दिवस हवेत. अध्यापन सांभाळून आठवड्याचे दोन दिवस मोकळे करणाऱ्याला ते दोन वर्षांतही जेमतेम जमेल, आणि लेखनाला वेळ उरणार नाही. म्हणून १८३२ व १८३३ एवढीच मर्यादा घालावी. मग अंक शंभराच्या आत येतात, पन्नासएक दिवसांत वाचन होते आणि वर्षाचा उत्तरार्ध लेखनासाठी राहतो. प्रवासखर्च, छायाचित्रण, नकलनविसाचे मानधन या रकमा याच हिशेबातून निघाव्यात. प्रत्येक आकड्यासमोर तो कसा आला, हे एका ओळीत लिहावे.