आधी इंजिन गार, मग माणसं

जुन्या फियाटला एसी बसवून देणारा माणूस पुण्यात शोधावा लागत नाही. पेट्रोलपंपावर गाडी उभी केली की तोच येऊन विचारतो. "साहेब, मारुती एट हंड्रेडचं किट आहे, दोन दिवसांत बसवून देतो. बर्फ पडेल, बर्फ!"

त्याचं म्हणणं खोटं नसतं. माझ्या १९७७ सालच्या फियाटमध्ये, म्हणजे प्रीमियर पद्मिनीत, ऐन उन्हाळ्यात हुडहुडी भरेल अशी हवा आली. मग मे महिन्यात साताऱ्याला निघालो आणि खंबाटकीच्या अर्ध्या चढावर बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. एसी बंद केला, काचा उतरवल्या, शेवटी गाडी कडेला घेतली. इंजिन जरा निवल्यावर पाहतो, तर ते सुरूच होईना. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप इतका तापला होता की पेट्रोलची नळीतच वाफ झाली होती. मागच्या सीटवर सासूबाई पदराने वारा घेत बसल्या होत्या आणि मी त्या पंपावर ओलं फडकं ठेवून वाट पाहत उभा होतो.

पुढे नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याने बॉनेट उघडलं, एकदा आत वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "एसी बरोबर आहे साहेब. गाडीच तयार नाही." जुन्या गाडीला एसी लावणाऱ्या प्रत्येकाने आधी हे वाक्य ऐकायला हवं. किट शेवटी येतं. त्याआधीची कामं अशी:

पहिलं काम रेडिएटरचं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळिसेक अश्वशक्ती. कॉम्प्रेसर त्यातली दोन-चार खातो, म्हणजे इंजिन जास्त राबतं आणि जास्त तापतं. शिवाय एसीचा कंडेन्सर बसतो नेमका रेडिएटरच्या पुढ्यात. केबिनमधून काढलेली सगळी उष्णता तो बाहेर टाकतो, आणि तीच गरम हवा रेडिएटरला मिळते. वर्षानुवर्षं बोअरिंगचं खारं पाणी पिऊन नळ्या चोंदलेल्या असतील, तर घाटात दुसरं काय होणार? म्हणून आधी रेडिएटर खोलून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्या सळईने आतून साफ करून घ्या. शक्य असेल तर कोअर बदलून नळ्यांची एक रांग वाढवा. वॉटर पंप, होज आणि फॅन बेल्ट त्याच वेळी नवे टाका. कंडेन्सरपुढे वेगळा इलेक्ट्रिक पंखा हवाच, कारण सिग्नलला गाडी थांबली की वारा थांबतो. उष्णता थांबत नाही.

दुसरं काम विजेचं, आणि सगळ्यात धोकादायक. जुन्या पद्मिनीला डायनॅमो असतो. आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही. एसीचा ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच आणि तो नवा पंखा मिळून सहज वीसेक अँपिअर मागतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्या गाडीत किटवाल्याने ब्लोअरची वायर हॉर्नच्या जुन्या वायरला पिळून वर टेप गुंडाळला होता. डॅशखाली हात घातला तर वायरचं वेष्टन मेणासारखं मऊ झालेलं, टेपचा चिकट गोंद बोटांना लागला. आणखी थोडे दिवस गेले असते तर गाडीला आगच लागली असती. तेव्हा डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवा, बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढा, आणि ब्लोअर, पंखा, क्लच या प्रत्येकाला स्वतंत्र रिले आणि फ्यूज द्या. सोबत आयडल-अपही लावून घ्या, म्हणजे कॉम्प्रेसर लागताच इंजिन गचके देऊन बंद पडणार नाही.

तिसरं काम फटी बुजवण्याचं. ते किरकोळ वाटतं म्हणून राहून जातं. पद्मिनीच्या पुढच्या दारांना त्रिकोणी क्वार्टर ग्लास असतात. त्यांचं रबर कडक झालेलं असतं, त्यातून गार हवा निघून जाते. दारांचं बीडिंग, पेडलांभोवतीची भोकं आणि स्टिअरिंग कॉलमजवळची फट बुजवा. छताच्या कापडाखाली आणि फायरवॉलला उष्णतारोधक थर द्या. हे नीट झालं तर लहान कॉम्प्रेसरवरही भागतं.

चौथी गोष्ट गॅसची. जुन्या किटमध्ये आर-१२ हा गॅस असायचा. ओझोनचा थर विरळ करतो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आता आर-१३४ए भरतात. पण जुन्या किटमध्ये नुसता नवा गॅस भरून चालत नाही. जुनं मिनरल ऑइल त्याच्यात मिसळत नाही, म्हणून ते पूर्ण काढून योग्य ऑइल घालावं लागतं. ड्रायर आणि ओ-रिंगही बदलाव्या लागतात. भरण्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम धरायला लावा आणि गॅस वजनावर भरून घ्या. स्वस्तात घरगुती सिलिंडरसारखा ज्वालाग्राही गॅस भरून देणारेही भेटतील. त्यांना दारातूनच नमस्कार करा.

शेवटची आणि न भरून येणारी बाब पत्र्याची. कंडेन्सर बसावा म्हणून रेडिएटरपुढची पट्टी गॅस कटरने कापली जाते, होजसाठी फायरवॉलला ओबडधोबड भोक पडतं. एसी उद्या काढता येईल, पण पत्रा परत येत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. अशा नोंदणीनंतर गाडी रोज वापरता येत नाही, हेही लक्षात घ्या. ज्यांची गाडी पन्नाशीला आली आहे त्यांनी आधी ठरवावं: रॅलीत मिरवायची की रोज फिरवायची? रोज फिरवायची असली तरी सगळे ब्रॅकेट नटबोल्टवर आणि आधीच असलेल्या भोकांतच बसवायला सांगा.

पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. दुपारी दोनच्या उन्हात गाडी जागेवर चालू ठेवा. एसी, हेडलाइट, वायपर सगळं सुरू, अर्धा तास. इंजिन तापता कामा नये, आणि बॅटरीला मल्टिमीटर लावला तर १३ व्होल्टच्या वर दिसलं पाहिजे. किटवाला "एवढं कोण बघतं?" म्हणाला, तर किल्ली घ्या आणि दुसरं गॅरेज गाठा.