गज अडला की थांब

अगं बाय, काल बोलता बोलता तू म्हणालीस, भावोजी मांगरात बसून वापरलेली काडतुसं पुन्हा भरून बघतायत आणि गोळी काही नीट बसत नाही. ते मनातून जाईना, म्हणून लिहिते.

देवगडात कलमबाग म्हटली की माकडं आली, डुकरं आली, आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूकही आली. त्यात वावगं काही नाही. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा, काडतूस बनवण्याचा नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला कमीत कमी 7 वर्षांची कैद आहे. काडतुसं हवीत तर परवान्यावर नोंद करून दुकानातून आणावीत. हे तूच सांग, तुझं ते ऐकतात.

कायद्याचंही सोड. गोळी जास्त आत गेली की दारूला जागा कमी उरते, दाब भलताच वाढतो, नळी फुटू शकते. बाहेर राहिली तर काडतूस नळीत पुरतं जात नाही. बसत नाही म्हणून ठोकावं, तर बुडाशी केप असते, दणक्यानेच पेटणारी. भावोजींचा हात, डोळा जायला एवढं पुरे आहे गं.

तुझ्या मामंजींची ठासणीची बंदूक वेगळी, पण बसण्याचा प्रश्न तिथेही तोच. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे; मधे पोकळी राहिली तर नळी फाटते. म्हणून गजावर दोन खुणा हव्यात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या बाराची. खूण जुळत नाही, गज मधेच अडतो, म्हणजे आत काजळी साठलीय, गंज चढलाय, नाहीतर आधीचाच बार तसाच राहिलाय. हे शेवटचं सगळ्यात वाईट. मग जोर लावायचा नाही. घोड्याखाली केप नको, नळीसमोर कुणी नको, आणि परवानाधारक कारागिराला घरी बोलवायचं. घोडा पडूनही बार उडाला नाही, तर निदान मिनिटभर तोंड मोकळ्या जागेकडेच धरायचं. दारू कधी कधी उशिरा पेटते. फटाक्याची दारू त्या नळीत कधीच नाही.

आपल्याकडे खारा वारा. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते आणि नळी लगेच तांबूस पडते. बार उडवला त्याच दिवशी गरम पाण्याने धुवून, पूर्ण कोरडी करून तेलाचं फडकं फिरवायला मामंजींना आठवण कर.

आणि दारूचा डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावर असतो म्हणालीस, तो आजच हलवा. चुलीपासून लांब, कोरड्या खोलीत, कुलुपात. केपा वेगळ्या ठिकाणी, किल्ली मामंजींकडे. मे महिन्यात मुंबईची पोरं येतील, त्याआधी.