आठाचा सहा का होतो?

प्रश्न : माझे मामा मर्चंट नेव्हीत होते. १९८१-८२ च्या सुमारास त्यांनी जपानहून आणलेला टेबलावरचा मोठा शॉर्टवेव्ह रिसीव्हर आता माझ्याकडे आहे. आवाज अजून खणखणीत आहे, पण त्याच्या निळसर-हिरव्या आकड्यांत घोळ झालाय. इंग्रजी आठ सहासारखा दिसतो, नऊ पाचासारखा, आणि एकाचा फक्त खालचा अर्धा भाग उजळतो. सगळ्याच घरांत असं होतं. अर्धा तास चालू ठेवला की कधीकधी आपोआप नीट दिसतं. दुरुस्तीवाले म्हणतात, ‘काच गेली, आता मिळायची नाही.’ खरंच काही उपाय नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मं निदान पत्रातच झालंय. काच बहुतेक शाबूत आहे. तिला हात लावायची घाई कुणालाही करू देऊ नका.

या डिस्प्लेवरचा प्रत्येक आकडा सात पट्ट्यांचा बनतो. आठाला सातही लागतात. त्यातली उजवीकडची वरची उभी पट्टी विझली की उरतो सहा. तीच नऊमधून गेली की पाच, आणि एकातून गेली की खालचा तुकडा. म्हणजे तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच पट्टीच्या आहेत, आणि ती पट्टी प्रत्येक घरात गायब आहे. एकाच वेळी सगळ्या घरांतली तीच पट्टी झिजेल, हे पटण्यासारखं नाही.

कारण तारांच्या जोडणीत आहे. सहा आकडे, प्रत्येकी सात पट्ट्या. प्रत्येकीला स्वतंत्र तार दिली तर ४२ तारा लागतील. म्हणून सगळ्या घरांतल्या वरच्या उजव्या पट्ट्या काचेच्या आतच एकमेकींना जोडून बाहेर एकच पिन काढतात. बाकीच्या सहा पट्ट्यांचंही तसंच. शिवाय प्रत्येक आकड्याला स्वतःची एक जाळी, म्हणजे ग्रिड, असते. सात आणि सहा मिळून तेरा तारांत काम भागतं. सर्किट एका वेळी एकच आकडा उजळवतं, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. हे इतक्या झपाट्याने होतं की आपल्या डोळ्यांना सगळे आकडे एकदम दिसतात.

ही जोडणी समजली की बिघाड वाचता येतो. एक आकडा पूर्ण काळा पडला, तर त्याच्या ग्रिडची वाट तुटलीय. एकच पट्टी सगळीकडून गेली, तर त्या पट्टीची सामाईक वाट तुटलीय. तुमचं हेच झालंय. मात्र एकाच आकड्यातली एकच पट्टी गेली असेल, तर त्या दोन्ही तारा इतर ठिकाणी काम करताहेत हे आपल्याला दिसतच असतं. मग दोष काचेच्या आत. त्यावर इलाज नाही.

या नळीला व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले म्हणतात. १९६७ च्या सुमारास जपानच्या इसे इलेक्ट्रॉनिक्समध्ये तादाशी नाकामुरा यांनी ती घडवली. आत निर्वात पोकळी, केसासारख्या बारीक तापणाऱ्या तारा आणि पट्ट्यांवर झिंक ऑक्साइडचा लेप. त्या लेपावर इलेक्ट्रॉन आदळले की तो निळसर-हिरवा उजेड देतो. ट्रिओ-केनवूडचा आर-१०००, याएसूचा एफआरजी-७७०० अशा त्या काळच्या रिसीव्हरांत हेच आकडे आहेत. मला ते आजच्या कुठल्याही पडद्यापेक्षा डोळ्यांना सुखाचे वाटतात. नळी खरोखर मेली असेल तर ओळखणं सोपं आहे. काचेच्या आत कोपऱ्यात एक चंदेरी-काळपट डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा धागा : गरम झाल्यावर पट्टी परत येते. याचा अर्थ कुठेतरी सांधा सुटलाय आणि उष्णतेने धातू प्रसरण पावला की तो पुन्हा टेकतो. मेकॅनिक याला ड्राय सोल्डर म्हणतात. प्लग काढून, डिस्प्लेच्या बोर्डाची मागची बाजू भिंगाखाली पाहायला सांगा. नळीच्या पिनांभोवती किंवा ड्रायव्हर आयसीच्या पायांभोवती सोल्डरला गोल, बारीक चीर दिसते का? दिसली नाही तर सेट चालू करून कोरड्या लाकडी काडीने तो भाग हलकेच दाबून पाहायचा. पट्टी लुकलुकली की जागा सापडली. नळीपाशी काही दशक व्होल्टच असतात, पण ट्रान्सफॉर्मर आणि मेन स्विचपाशी २३० व्होल्ट आहेत. त्यामुळे हे काम सवयीच्या माणसानेच करावं.

सांधे नीट करूनही पट्टी आली नाही, तर त्या तारेवरचा व्होल्टेज शेजारच्या पट्ट्यांच्या तारांशी ताडून पाहावा. आयसीच्या पायावर तो ठीक आणि नळीच्या पिनेवर नाही, तर मधला मार्ग तुटलाय. एक बारीक वायर जोडली की झालं. आयसीच्या पायावरच नसेल, तर तो आयसी शोधावा लागेल, आणि तेव्हा मात्र त्याच मॉडेलचा बंद सेट मिळवणं हाच व्यवहारी मार्ग.

पट्टी परत आली की आकडे खरं सांगताहेत का, हेही तपासा. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या पटीत असतात : पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, नागपूर ५८५. अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी ९ यायला हवा. केंद्र अगदी नेमकं लावूनही दर वेळी सारखाच फरक दिसत असेल, तर मोजणाऱ्या क्रिस्टलजवळचा ट्रिमर किंचित फिरवावा लागतो.

सेट उघडलाच आहे, तर डिस्प्लेला वीज पुरवणाऱ्या भागातले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही बदलून घ्या. चाळीस वर्षांत ते वाळतात आणि आकडे मंद होतात. मंद आकडे उजळावेत म्हणून तापणाऱ्या तारांचा व्होल्टेज कुणी वाढवू पाहील, त्याला तिथेच थांबवा. धडधाकट नळी त्याने मरते. नवे कॅपॅसिटर १०५ अंशांचे घ्या, आणि जुने काढण्याआधी त्यांची वजा बाजू कुठे आहे याचा फोनवर फोटो काढून ठेवा.