गॅरेजच्या भिंतीवरचे हुक निसटतात का? चूक हुकाची नसते, भिंतीची ओळख नसते



या वेळच्या व्हिडिओत आपण गॅरेजची भिंत लावली. बऱ्याच जणांना मापं लिहून हवी असतात, म्हणून सगळं सविस्तर इथे देतोय. तुम्ही टू-व्हीलर गॅरेज टाकत असाल, पंप-मोटर दुरुस्तीचं दुकान, सायकलचं दुकान, नाहीतर माझ्यासारखं हार्डवेअर, विषय सगळ्यांना लागू आहे. जागा लहान, भाडं जास्त, म्हणून सामान भिंतीवर जातं. आणि भिंतीवर गेलेलं सामान एक दिवस खाली येतं.

माझंच सांगतो. दुकान सुरू केलं त्या वर्षी मी भिंतीवर एक फळी ठोकली आणि तिला बावीस हुक लावले. पाने, पक्कड, हातोडी, साखळ्या, सगळं ओळीने टांगलं. फोटो एकदम झकास आला. पावसाळ्यात एका दुपारी ती फळी सामानासकट खाली आली, नेमकी गिऱ्हाइकाच्या उभ्या गाडीवर. टाकीला पोचा पडला, रंग गेला. टाकी करून द्यायला 1,850 रुपये लागले. पैशाचं एवढं वाईट वाटलं नाही. त्या माणसाचा पाच वर्षांचा मुलगा दोन मिनिटं आधी त्याच टाकीवर बसला होता, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

फळी परत लावायला जे मिस्त्री आले, त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "भाऊ, हुकाची चूक नाई. तुमच्या भितीतच दम नाई." आजचा धडा एवढाच आहे. हुक घेण्याआधी भिंत ओळखा.

पायरी 1 : भिंत कोणती आहे?

आपल्या मंगरूळपीरात एकाच गल्लीत चार प्रकारच्या भिंती सापडतात.

*जुनी मातीची भिंत.* वरून सिमेंटचा हात मारलेला असतो, म्हणून पक्की वाटते. ड्रिल केल्यावर पिवळी किंवा पांढरी माती भुरभुर निघाली की थांबायचं. या भिंतीवर वजन टांगूच नका. जमिनीवर उभा राहणारा अँगलचा स्टँड करा.

*विटांची भिंत.* ड्रिलमधून लाल भुगा येतो. आपल्याकडे बहुतेक दुकानं याच प्रकारची. हुक छान बसतात, पण वीट सापडली पाहिजे. दोन विटांमधल्या सिमेंटच्या सांध्यात भोक पडलं तर पकड कमी मिळते.

*काँक्रीटचा कॉलम किंवा बीम.* भुगा राखाडी, आणि ड्रिलला जोर लागतो. सगळ्यात भक्कम जागा. जड वस्तू इथेच. फक्त कोपऱ्याच्या अगदी कडेला भोक नको, कड फुटते.

*पत्र्याचं शेड.* पत्र्याला हुक लावायचा नाही. आतल्या लोखंडी पाइपला किंवा अँगलला नट-बोल्टने पट्टी बांधा आणि हुक त्या पट्टीवर लावा.

अजून एक गोष्ट. आपली जमीन काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. त्यामुळे भिंतींना तिरप्या चिरा पडतात. अशा चिरेपासून किमान एक वीत लांब राहा. जिथे ओल चढते आणि प्लास्टर फुगतं, तिथेही नको. बोटाच्या गाठीने भिंत वाजवून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. बदबद वाजलं तर आतून प्लास्टर सुटलेलं आहे.

पायरी 2 : गिट्टी नेमकं काय करते?

भोकात जी प्लास्टिकची गिट्टी ठोकतो, तिला काही दुकानांत रावल प्लग म्हणतात. या नावामागे धंद्याचीच गोष्ट आहे. आधी भिंतीत छिन्नीने मोठं भोक पाडून लाकडी गुटका ठोकायचे आणि त्यात खिळा मारायचे. 1911 च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदाराला विजेचं सामान बसवायचं होतं, पण भिंती खराब करायच्या नव्हत्या. त्याने तागाच्या धाग्यांची छोटी नळी केली. स्क्रू आत गेला की नळी फुगायची आणि भिंतीला घट्ट धरायची. पुढे कंपनीचं नावच रावलप्लग झालं. नंतर 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टर फिशरने नायलॉनची गिट्टी आणली. आज आपण वापरतो ती त्याच वळणाची. स्वतःच्या कामातली अडचण सोडवता सोडवता धंदा उभा राहतो, तो असा.

आता मुद्दा लक्षात घ्या. गिट्टी चिकटत नाही, ती फुगून भिंत दाबते. त्यासाठी तिच्या भोवती टणक वीट हवी. गिट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये बसली असेल तर ती प्लास्टरच फोडते. माझी फळी अशीच पडली. एक इंची गिट्टी वापरली होती आणि त्यातली अर्ध्याहून जास्त प्लास्टरमध्येच होती.

पायरी 3 : मापाचं गणित

चाळीस हुकांसाठी चाळीस भोकं पाडू नका. भिंतीवर दोन आडव्या लाकडी पट्ट्या पक्क्या करा, त्यावर 12 मिलिमीटरचा प्लाय बसवा आणि हुक प्लायवर लावा. भिंतीत आठच भोकं, पण आठही नीट. मागे मोकळी जागा राहते, म्हणून ओल थेट प्लायला लागत नाही.

स्क्रूची लांबी अशी काढा :

- प्लास्टर : 15 मिलिमीटर
- गिट्टी : 40 मिलिमीटर
- लाकडी पट्टी : 25 मिलिमीटर
- टोक गिट्टीच्या बाहेर यायला : 5 मिलिमीटर
- एकूण : 85 मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंची स्क्रू

तुमचं प्लास्टर जाड असेल तर तेवढी लांबी वाढवा. गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे, विटेत जाईपर्यंत आत ढकलायची. गिट्टी 8 मिलिमीटरची असेल तर बिटही 8 चाच, आणि स्क्रू 5 मिलिमीटर जाडीचा. 10 च्या बिटने भोक पाडून त्यात काडीपेटीच्या काड्या कोंबायच्या, हा उद्योग बंद करा.

भोक गिट्टीपेक्षा 10 मिलिमीटर खोल ठेवा. बिटवर तेवढ्या मापाला चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भिंत साडेचार इंची असेल तर हे माप विशेष सांभाळा, नाहीतर शेजाऱ्याच्या दुकानात उजेड पडेल. वीट कच्ची असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा. मग भुगा फुंकून किंवा छोट्या ब्रशने काढा. भुगा राहिला तर गिट्टी गुळगुळीत फिरत राहते. डोळ्यांना चष्मा लावा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल करू नका, आतून वायर गेलेली असते.

पायरी 4 : वजन किती, आणि भिंतीपासून किती लांब?

इथे सगळे चुकतात. समजा हुक भिंतीपासून 20 सेंटिमीटर पुढे आला आहे आणि त्याला 5 किलोचं सामान टांगलंय. हुकाच्या पट्टीचा वरचा स्क्रू तिच्या खालच्या टोकापासून 5 सेंटिमीटर वर आहे. तर त्या स्क्रूवर बाहेर ओढणारा ताण :

5 गुणिले 20, भागिले 5 = 20 किलो

सामान 5 किलोचं, ओढ 20 किलोची. आता तोच स्क्रू 10 सेंटिमीटर वर असेल तर ओढ निम्मी, म्हणजे 10 किलो. म्हणून टायर, साखळ्या, केबलचं वेटोळं अशा वस्तूंसाठी उंच पाठीचा हुक घ्या आणि वजन भिंतीच्या जवळ ठेवा.

पायरी 5 : हुक बोर्डावरूनच निघतो तेव्हा

कधी भिंत ठीक असते, पण पाना काढला की पान्याबरोबर हुकही हातात येतो. त्याचे उपाय स्वस्त आहेत.

1. भोकांच्या बोर्डातला तारेचा हुक हलत असेल तर खालच्या दांडीवरून केबल टाय घालून शेजारच्या भोकातून घट्ट ओढा.
2. लोखंडी जाळी असेल तर एस हुकाचं वरचं तोंड पकडीने दाबून बंद करा. खालचं तोंड उघडं राहू द्या.
3. प्लायमध्ये पिळून बसवायचा हुक असेल तर आधी बारीक भोक पाडा. थेट पिळलं तर प्लाय चिरतो.
4. नट-बोल्ट असेल तिथे स्प्रिंग वॉशर टाका. कॉम्प्रेसर आणि शटरच्या हादऱ्याने साधे नट ढिले होतात. कॉम्प्रेसरखाली रबर ठेवा आणि तो हुकांच्या भिंतीला टेकवू नका.

पायरी 6 : बादलीची परीक्षा

भिंत लावली की लगेच सामान टांगायचं नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ज्या हुकावर 5 किलो टांगणार, त्यावर 10 लिटर पाण्याची बादली रात्रभर टांगा. खाली कोणी जाणार नाही याची काळजी घ्या. सकाळी हुकाची पट्टी आणि भिंत यांत नखाएवढी फट दिसली तरी तो हुक नापास. काढा, दुसरी जागा बघा.

नंतर दर शनिवारी दुकानाची लिंबू-मिरची बदलताना प्रत्येक हुकाला एकदा हात लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. पावसाळा संपला की सगळे स्क्रू एकदा कसून घ्या.

आणि धंद्याचं काय?

पाना शोधण्यात रोज दहा मिनिटं गेली तर महिन्याच्या 26 दिवसांत 260 मिनिटं जातात. म्हणजे चार तासांहून जास्त. तेवढ्या वेळात तुमच्या दोन-तीन सर्व्हिसिंग होतात. नीट लावलेली भिंत गिऱ्हाइकालाही दिसते. ज्याचे पाने जागेवर, त्याच्या हातात गाडी द्यायला माणूस कचरत नाही.

पण दोन नियम मोडायचे नाहीत. गिऱ्हाईक जिथे उभं राहतं, गाडी जिथे लागते, त्याच्या डोक्यावर काही टांगायचं नाही. आणि सगळ्यात जड वस्तू भिंतीवर नको, खाली स्टँडवर ठेवा. भिंतीवर छाती ते डोळ्यांच्या उंचीत फक्त रोजची हत्यारं.

दुकान भाड्याचं असेल तर भोकं पाडण्याआधी मालकाला विचारा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, लोखंडी फ्रेमचा स्टँड करून घ्या. जागा सोडताना तो तुमच्याबरोबर येतो, भोकं मात्र डिपॉझिटमधून कापली जातात.

आजचा गृहपाठ : उद्या शटर उघडल्यावर भिंतीवरचा सगळ्यात जड हुक शोधा. त्यावर किती किलो आहे, तो भिंतीपासून किती पुढे आहे आणि त्याच्या खाली कोण उभं राहतं, या तीन गोष्टी वहीत लिहा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "गिऱ्हाईक" असेल, तर बाकी कामं मागे ठेवा आणि आधी ते सामान खाली उतरवा.