फायलीबाहेरचं कृती संशोधन

बी.एड.ला आपण सगळ्यांनीच कृती संशोधनाचा अहवाल लिहिला. गुण मिळाले, अहवाल कपाटात गेला. साकोली-लाखांदूरकडच्या जिल्हा परिषद शाळांत आधी मुख्याध्यापक, नंतर केंद्रप्रमुख म्हणून काम करताना मात्र हेच साधन मला सगळ्यात जास्त कामी आलं. नव्या मुख्याध्यापकांसाठी त्यातल्या काही गोष्टी.

१. प्रश्न आवाक्यातला घ्या. ‘ग्रामीण शिक्षणाची स्थिती’ हा विषय परिसंवादाला शोभतो. ‘रोवणीच्या दिवसांत चौथी-पाचवीच्या मुली का येत नाहीत?’ हा प्रश्न मुख्याध्यापकाचा. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये शाळांतल्या कृती संशोधनावर पुस्तक लिहिलं, त्याचाही रोख हाच होता: शाळेत काम करणाऱ्यांनीच आपलं काम तपासावं.

२. हजेरीपटातली नावं वाचा. टक्केवारीत सगळी गैरहजेरी सारखीच दिसते. नावं घेऊन घरोघरी विचारलं तेव्हा कळलं, की रोवणीत या मुली बांधीवर जातच नव्हत्या. आई रोवायला गेली, की तान्हं भावंड सांभाळायला त्या घरी राहत. उन्हाळ्याच्या तोंडाशी सकाळच्या शाळेला होणारा उशीर वेगळा. तेव्हा मुलं पहाटे मोहफुलं वेचायला गेलेली असतात. कारण वेगळं, तर उपायही वेगळा.

३. एका वेळी एकच उपाय. अंगणवाडीताईंशी बोलून आम्ही भावंडाला सोबत आणायची मुभा दिली आणि रोवणी संपेपर्यंत दुसरं काहीच बदललं नाही. मुली येऊ लागल्या. चार उपाय एकदम केले असते, तर फरक कशानं पडला हे कुणालाच सांगता आलं नसतं.

४. काय मोजताय ते आधी ठरवा. झाडीबोलीत ‘ण’ही नाही आणि ‘ळ’ही नाही. मूल ‘पाणी’ हा शब्द बघून ‘पानी’ म्हणतं, म्हणजे त्याला वाचता येतं. वाचनचाचणीत ते चूक धरलं, तर चांगलं वाचणारं पोर मागं पडलेल्यांत जातं. आम्ही नोंदवहीत दोन रकाने आखले: अक्षर ओळखत नाही, आणि उच्चार घरचा आहे. जादा तासाची यादी बरीच आखूड झाली.

५. लिहा आणि वाचून दाखवा. शिक्षणावर लिहिणं आपल्याकडे नवं नाही. एकोणिसाव्या शतकात चिपळूणकर पितापुत्रांनी ‘शालापत्रक’ चालवलं होतं. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एका शाळेनं एक पान वाचायचं, असं ठरलं. अट एकच: जे जमलं नाही, तेही लिहायचं. शेजारच्या शाळेला आपल्या यशापेक्षा आपण कुठे अडलो हे कळणं जास्त उपयोगाचं.

६. पहिलं पान मुख्याध्यापकाचं. साहेबानं नुसता अहवाल मागितला, की शिक्षक जुनाच अहवाल तारीख बदलून देतात. साहेबच आपली अडचण वाचू लागला, की तेही मोकळे होतात.

७. पालकांना आकडे दाखवा, पण दोष देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलींची हजेरी ठेवली, तेव्हा तोडगा आयांनीच सुचवला.

यासाठी अनुदान लागत नाही, परवानगीही लागत नाही. तेव्हा पुढच्या शिक्षण परिषदेला येताना अहवाल राहू द्या. आपल्या शाळेचा एक प्रश्न आणि त्यावर लिहिलेलं एक पान घेऊन या.