शमुवेलाला विचारणारा एली

अभ्यासपाठ : १ शमुवेल ३:१-१८



शमुवेलाची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. रात्री हाक येते, मुलगा उठून एलीकडे धावतो आणि तिसऱ्या वेळी एलीला उमगते की हाक परमेश्वराची आहे. बहुतेक वेळा आपण इथेच थांबतो. मला मात्र गेल्या वर्षापासून पुढची सकाळ अधिक महत्त्वाची वाटू लागली आहे. निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. शमुवेल तो सांगायला भीत होता. एलीने त्याला बोलावले, काही लपवू नकोस म्हणून बजावले, आणि ऐकल्यावर तो मुलावर रागावला नाही.

मी तिथे असतो तर काय केले असते? उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो.

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर ग्रामसभा होती. पेसा कायद्याच्या क्षेत्रातील गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. मी पाहुणा म्हणून पुढे बसलो होतो. चौकात फरशी बसवायचे जवळजवळ ठरले होते. तेवढ्यात बारावीत शिकणारी एक मुलगी उठली. विहिरीला कठडा नाही, आम्ही पहाटे अंधारात पाणी भरतो, आधी ते करा, असे ती सांगू लागली. मीच तिला हाताने खूण केली. “बस बाळा, मोठी माणसं बोलताहेत ना?” ती बसली. फरशी मंजूर झाली.

मे महिन्यात त्याच विहिरीवर एका बाईचा पाय घसरला आणि खुबा मोडला. मी त्या मुलीच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने एवढेच विचारले, “सर, मग पुढच्या सभेत बोलू का?”

तिच्या प्रश्नामुळे मी कायदा वाचायला बसलो. ग्रामसभेचे सभासदत्व मतदाराला, म्हणजे १८ वर्षे पूर्ण झालेल्याला मिळते. पूर्वी मतदानाचे वय २१ होते, ते ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये १८ झाले. त्याखालच्यांना मत नाही, पण त्यांचे म्हणणे ऐकायला कोणाची मनाई नाही. उलट, मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घ्यावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम सांगते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहेच. मग तरुणांची बैठक का नको?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने एक चांगली रीत घालून दिली आहे. तिथे अभ्यासगट बसतो, एखाद्या विषयाची सगळी बाजू तपासतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. सल्ला देणारे आणि ठरवणारे वेगळे, पण एकमेकांशी बांधलेले. तरुणांच्या सल्लागार मंडळाचे मर्म हेच आहे.

कोणी म्हणेल, रहबाम राजाने तरुणांचे ऐकले आणि दहा वंश गमावले (१ राजे १२). खरे आहे. पण ते तरुण राजाबरोबर वाढलेले होते. जू वाहणाऱ्यांनी आपले ओझे सांगितलेच होते, आणि तेच राजाने ऐकले नाही. म्हणून नुसते वय पाहू नये, ओझे कोणाच्या डोक्यावर आहे तेही पाहावे. हंडा त्या मुलीच्या डोक्यावर होता.

आम्ही ग्रामस्थांसमोर साधी पद्धत मांडली. ग्रामसभेच्या आठवडाभर आधी १४ ते २५ वयाच्या मुलामुलींनी बसायचे. जास्तीत जास्त दोन मागण्या कारणासह लिहून ग्रामसेवकाकडे द्यायच्या. सभेत त्या आधी वाचायच्या. प्रत्येकीला उत्तर द्यायचे, आणि नकार असला तर कारणासह इतिवृत्तात लिहायचे.

१५ ऑगस्टच्या सभेत दोन मागण्या वाचल्या गेल्या. कठडा मंजूर झाला आणि दिवाळीआधी बांधूनही झाला. कॉलेजच्या वेळेला एसटी हवी, ही दुसरी मागणी पंचायतीच्या हातातली नव्हती. तसे मुलांना समजावून सांगितले आणि ठराव पुढे पाठवला. ती मुलगी मला म्हणाली, “एक काम नाही झालं सर, पण का नाही ते तरी कळलं.”

तरुणांना बोला म्हणणे सोपे आहे. ऐकून उत्तर देणे हे आपल्या वडीलधाऱ्यांचे काम आहे. एलीला तो निरोप जड गेला असेल, तरी त्याने विचारले.

चर्चेसाठी प्रश्न
१. एलीने आग्रह धरला नसता तर शमुवेल बोलला असता का?
२. आपल्या मंडळीच्या पंचकमिटीने गेल्या वर्षभरात तरुणांना कोणत्या निर्णयाआधी विचारले?
३. त्यांनी दिलेल्या एका तरी सूचनेला आपण कारणासह उत्तर दिले का?

प्रार्थनेचा विषय : पाड्यापाड्यांवरील मुलामुलींना बोलण्याचे धैर्य मिळावे, आणि आम्हांला ऐकणारे कान.